मेडिकल कोडिंगमध्ये यायचंय तर काय शिकायचं, आणि रोज नेमकं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: बायोलॉजी घेऊन ग्रॅज्युएशन झालंय, मेडिकल कोडिंगमध्ये करिअर करायचंय, त्याला नक्की कुठलं शिक्षण लागतं, सर्टिफिकेट नसेल तर घेतात का, दिवसभर काम काय असतं, इंग्लिश बेताचं असेल तर चालतं का, आणि ते सत्तर हजार कोड पाठ कसे करायचे?

मेडिकल कोडिंग म्हणजे पेशंटच्या नोंदी वाचून त्याला झालेला आजार आणि केलेले उपचार इन्शुरन्सच्या बिलासाठी ठरावीक कोडांत लिहिणं. मी १२ वर्षं हे काम करतेय, अमेरिकन हॉस्पिटलांचे चार्ट म्हणजे पेशंटच्या नोंदी, आधी इमर्जन्सी मग सर्जरी, आणि गेली काही वर्षं ऑडिटला आहे म्हणजे दुसऱ्यांनी कोड केलेले चार्ट तपासते. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तिथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. कोड कुणीच पाठ करत नाही. रोज वापरून वापरून शे-दोनशे कोड बोटांवर येतात, ब्लड प्रेशरचा आय१०, डायबिटीसचा ई११.९ वगैरे, बाकी सगळं प्रत्येक वेळी शोधायचंच असतं आणि शोधायलाच पाहिजे, आठवणीतून कोड टाकणाऱ्यांच्या चुका मला ऑडिटमध्ये सगळ्यात जास्त सापडतात. शिकायची गोष्ट वेगळी आहे. डॉक्टरांनी काय लिहिलंय ते नीट वाचणं, आणि जे लिहिलेलं नाही ते आपल्या मनाने न भरणं. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं फिरून फिरून इथेच येतं.

आधी एक चार्ट बघू म्हणजे काम कळेल. माणूस शिडीवरून पडला, इमर्जन्सीत आला, उजव्या हाताच्या पंजाला २ सेंटीमीटरची आणि उजव्या फोरआर्मला ३ सेंटीमीटरची जखम, दोन्हीला साधे टाके घातले, घरी सोडलं. आता कोडर काय करतो? निदानाचे कोड: पंजाची जखम एस६१.४११ए, फोरआर्मची जखम एस५१.८११ए, आणि कशाने लागलं तर शिडीवरून पडून, डब्ल्यू११.एक्सएक्सएक्सए. त्यातले तीन एक्स काही अर्थाचे नाहीत, कोड तीनच अक्षरांचा आहे पण शेवटचं ए हे सातव्याच जागेवर बसलं पाहिजे म्हणून मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. आणि तो ए म्हणजे पहिली व्हिजिट असं नव्वद टक्के नवीन मुलं सांगतात, ते चूक आहे. ए म्हणजे दुखापतीवर अजून ॲक्टिव्ह उपचार चालू आहेत, मग व्हिजिट पहिली असो नाहीतर तिसरी. जखम भरत आलीय, नुसते टाके काढायला आलाय, तर डी. आणि जखम बरी होऊन गेली पण मागे काहीतरी राहिलं, त्याच्यासाठी आलाय, तर एस.

आता टाक्यांचा कोड. इथे नवीन माणूस दोन जखमा बघतो आणि दोन कोड टाकतो. नियम असा की टाके एकाच प्रकारचे आणि शरीराचे भाग एकाच गटातले असतील तर लांबी मिळवायची, २ आणि ३ मिळून ५ सेंटीमीटर, आणि एकच कोड, १२००२. पण समजा डॉक्टरांनी फोरआर्मच्या बाबतीत लिहिलंय की आतल्या थराला वेगळे टाके घालून मग वरची त्वचा शिवली, तर ते साधे टाके राहिलेच नाहीत, तो इंटरमीजिएट रिपेअर झाला, मग फोरआर्मला १२०३२ आणि पंजाला वेगळा १२००१ मॉडिफायर लावून, मॉडिफायर म्हणजे कोडाला जोडायची दोन अक्षरी खूण. जखमा त्याच, पेशंट तोच, नोटमधला एकच शब्द बदलला आणि अख्खं कोडिंग बदललं. आणि लांबी लिहिलीच नसेल तर? अंदाज करायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं. शिवाय डॉक्टरांनी तपासलं त्याचा ९९२८१ ते ९९२८५ या पाच लेव्हलमधला एक कोड, त्याला मॉडिफायर २५, पण तोही तेव्हाच लागतो जेव्हा तपासणी टाक्यांच्या पलीकडची होती, म्हणजे पडल्यावर डोक्याला मार लागला का, शुद्ध गेली होती का, हे त्यांनी बघितलं आणि तसं लिहिलं.

वर दोन तऱ्हेचे कोड आले ते का, ते सांगते. एक संच सांगतो की पेशंटला काय झालंय, तो आयसीडी. त्याचं मूळ खूप जुनं आहे, १८९३ मध्ये फ्रान्सच्या बर्टिलाँनी मृत्यूच्या कारणांची यादी केली तिथून ते चालत आलंय, १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना ते सांभाळते. अमेरिकेने आपल्या गरजेप्रमाणे वाढवलेला अवतार म्हणजे आयसीडी-१०-सीएम, तो १ ऑक्टोबर २०१५ ला लागू झाला आणि आधीच्या जेमतेम १४ हजार कोडांचे एकदम सत्तर हजाराच्या आसपास झाले, डावा-उजवा, उपचार चालू-जखम भरत आलेली असं सगळं वेगळं मोजायला लागलं म्हणून. संघटनेचं आयसीडी-११ सुद्धा १ जानेवारी २०२२ पासून आलेलं आहे पण अमेरिकेतले क्लेम म्हणजे इन्शुरन्सकडे पाठवायची बिलं अजून १० वरच चालतात, त्यामुळे शिकताना १०-सीएमच शिका. दुसरा संच सांगतो की डॉक्टरांनी काय केलं, तो सीपीटी, अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा, १९६६ पासूनचा, पाच आकडी. तिसरा एचसीपीसीएस, एक अक्षर आणि चार आकडे, त्यात इंजेक्शनची औषधं, व्हीलचेअर, ॲम्ब्युलन्स असलं येतं. आणि हॉस्पिटलात ॲडमिट असलेल्या पेशंटवर केलेल्या प्रोसीजरना आणखी एक वेगळा, आयसीडी-१०-पीसीएस, सात अक्षरांचा, त्यात कोड शोधण्यापेक्षा तक्त्यातून जुळवून बनवावा लागतो. तो सुरुवातीला सोडून दिलात तरी चालेल.

आता ज्याच्यासाठी मी हे एवढं लिहायला बसले तो मुद्दा. माझं पहिलं वर्ष होतं. एका बाईंच्या नोटमध्ये "ब्रेस्ट कॅन्सर" असं लिहिलेलं होतं, मी सी५० चा कोड टाकला आणि पुढे गेले. पुढच्या ओळी मी वाचल्या होत्या पण लक्ष देऊन नाही. त्यात होतं की ऑपरेशन नऊ वर्षांपूर्वी झालं, उपचार संपले, आजाराचा मागमूस नाही, आता फक्त वार्षिक तपासणी. म्हणजे सी५० नाही, झेड८५.३, पूर्वी कॅन्सर होऊन गेल्याची नोंद. ऑडिटर बाईंनी मला बोलावून एवढंच विचारलं, की या पेशंटला आज कॅन्सर आहे का. मी नाही म्हटलं. मग त्या म्हणाल्या की तू तर लिहिलंयस आहे म्हणून, आणि इन्शुरन्सवाल्यांच्या रेकॉर्डला आता तो आहेच. मला अजून आठवतं तेव्हा कसं वाटलं ते. तोपर्यंत माझ्यासाठी कोड म्हणजे स्क्रीनवरचा एक चौकोन भरणं होतं. त्या चौकोनाच्या पलीकडे एक बाई आहे जिने नऊ वर्षांपूर्वी ते सगळं सोसून संपवलंय आणि मी एका क्लिकने तिला परत कॅन्सरची पेशंट केलं, हे डोक्यात शिरलं ते तेव्हा.

आणि यात अजून एक पेच आहे, तो नंतर कळला. अशीच बाई असेल पण टॅमॉक्सिफेन ही ब्रेस्ट कॅन्सरची गोळी चालू असेल तर? ते औषध कॅन्सरवरचा उपचार म्हणून चालू असेल तर कॅन्सरचाच कोड, आणि परत होऊ नये एवढ्यासाठी चालू असेल तर हिस्ट्रीचा कोड, सोबत औषध चालू असल्याचा. गोळी तीच आहे हो. कशासाठी दिली हे डॉक्टरांनी लिहिलं असेल तर ठीक, नसेल तर विचारायचं. औषधाच्या यादीवरून आजार ठरवायचा नाही, हे कोडरला शिकवलेलं पहिलं वाक्य असतं आणि तरी सगळे ते करतात.

लक्षणांचंही तसंच. ओपीडीत किंवा इमर्जन्सीत डॉक्टरांनी "प्रोबेबल न्यूमोनिया", "रूल आउट हार्ट अटॅक", "सस्पेक्टेड" असं काही लिहिलं असेल तर तो आजार कोड करायचा नाही, जे नक्की माहितीय ते कोड करायचं, खोकला, ताप, छातीत दुखणं. पण तोच पेशंट ॲडमिट असेल आणि डिस्चार्जच्या वेळीही डॉक्टरांनी "प्रोबेबल न्यूमोनिया" असंच लिहिलं तर हॉस्पिटलच्या बाजूने तो न्यूमोनिया धरून कोड करतात. उलटा नियम. एचआयव्हीला मात्र ॲडमिट असला तरी खात्री झाल्याशिवाय कोड नाही. हे नियम दरवर्षी निघणाऱ्या ऑफिशियल गाइडलाइन्समध्ये छापलेले असतात, फुकट मिळतात, आणि माझ्याकडे इंटरव्ह्यूला येणाऱ्या दहातल्या आठ जणांनी त्या उघडलेल्याच नसतात, क्लासच्या नोट्सवर येतात. फार वाईट वाटतं बघून, कारण मुलं हुशार असतात.

"मनाने भरायचं नाही" याला एक अपवाद आहे तोही सांगून टाकते नाहीतर गोंधळ होईल. डॉक्टरांनी एका ओळीत डायबिटीस लिहिलाय आणि दुसऱ्या ओळीत क्रॉनिक किडनी डिसीज, दोघांचा संबंध कुठे लिहिलेला नाही. तरी आपण ई११.२२ टाकतो, म्हणजे डायबिटीसमुळे किडनीचा आजार, कारण आयसीडीच्या पुस्तकाच्या इंडेक्समध्ये डायबिटीसखाली "विथ" या शब्दाखाली तो आजार आलाय आणि तिथे आला की संबंध आहे असं पुस्तकच धरतं, डॉक्टरांनी नाही म्हटलं तरच वेगळं करायचं. ब्लड प्रेशर आणि किडनीचंही तसंच, आणि त्यात हार्ट फेल्युअर असेल तर तिन्ही मिळून आय१३ चा एक कोड, मागून हार्ट फेल्युअरचा प्रकार आणि किडनीची स्टेज. म्हणजे इथे आपण नाही भरत, नियम भरतो. हा फरक कळला की माणूस कोडर झाला असं मी समजते.

कामाचं स्वरूप. सकाळी लॉगिन केलं की वर्कलिस्ट असते, त्यात तुमच्या नावावर चार्ट. चार्ट उघडायचा, सगळा वाचायचा, कोड आणि मॉडिफायर टाकायचे, एडिट लागले तर सोडवायचे आणि सबमिट. एडिट म्हणजे सॉफ्टवेअर सांगतं की हे दोन कोड एकत्र चालत नाहीत, उदाहरणार्थ लॅपरोस्कोपीने अपेंडिक्स काढलं ४४९७०, आणि त्याच वेळी नुसतं आत बघितलं त्याचा ४९३२० वेगळा लावला, तर नाही चालत, बघितल्याशिवाय काढणार कसं, ते त्यातच धरलेलं आहे. हे असं एकातलं दुसरं सुटं करून वेगळं बिल लावायला अनबंडलिंग म्हणतात. मॉडिफायर ५९, म्हणजे ही प्रोसीजर वेगळी होती असं सांगणारा, लावला की एडिट निघून जातो हे नवीन माणसाला दुसऱ्याच आठवड्यात कळतं आणि तिथे खरी परीक्षा असते. कोलोनोस्कोपीत म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने बघताना एक पॉलिप (आतड्यातली छोटी वाढ) स्नेअरने, तारेच्या फासाने, काढला ४५३८५ आणि दुसऱ्या ठिकाणच्या वेगळ्या गाठीची बायॉप्सी घेतली ४५३८०, तर ५९ बरोबर आहे. गाठ एकच असेल तर तो ५९ खोटा आहे. एडिट जावा म्हणून लावलेला मॉडिफायर आणि रिपोर्टमध्ये आधार आहे म्हणून लावलेला मॉडिफायर स्क्रीनवर सारखेच दिसतात, ऑडिटला मात्र लगेच कळतं.

कोलोनोस्कोपीचा विषय निघालाय तर एक गोष्ट. काही त्रास नसताना स्क्रीनिंगसाठी आलेला पेशंट, आत पॉलिप सापडला आणि काढला. पहिला निदानाचा कोड तरीही स्क्रीनिंगचाच, झेड१२.११, पॉलिपचा त्याच्यानंतर, आणि प्रायव्हेट इन्शुरन्स असेल तर मॉडिफायर ३३, म्हणजे ही प्रतिबंधक तपासणी आहे असं सांगणारा. हे विसरलं की काय होतं? अमेरिकेत २०१० च्या कायद्याने अशी स्क्रीनिंग बहुतेक प्रायव्हेट प्लॅनमध्ये पेशंटला फुकट आहे. कोडरने पॉलिप पहिला टाकला आणि ३३ विसरला की ती उपचाराची प्रोसीजर दिसते आणि बिल पेशंटच्या घरी जातं. त्याला कळतही नाही का आलं ते. नुसता क्रम चुकला म्हणून.

टार्गेट दोन असतात, किती चार्ट आणि किती अचूक. अचूकता साधारण ९५ टक्के मागतात जवळपास सगळीकडे. चार्टची संख्या स्पेशालिटीवर, रेडिओलॉजीत रिपोर्ट दोन-दोन मिनिटांत होतात, इनपेशंटचा म्हणजे ॲडमिट पेशंटचा एक मोठा चार्ट अर्धा-पाऊण तास खातो. इनपेशंटमध्ये मुख्य निदान निवडणं हीच मोठी गोष्ट असते, कारण मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेचा मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी इन्शुरन्स, १९८३ पासून डीआरजी पद्धतीने पैसे देतं, म्हणजे प्रत्येक गोष्टीचं वेगळं बिल नाही, सगळ्या कोडांवरून एक गट ठरतो आणि त्या गटाची रक्कम. तिथे सगळ्या तपासण्यांनंतर ॲडमिट करण्यामागचं जे कारण ठरलं ते पहिलं येतं. छातीत दुखतंय म्हणून आला आणि तपासून हार्ट अटॅक निघाला तर हार्ट अटॅक पहिला, छातीत दुखणं नाही.

क्वेरी म्हणजे डॉक्टरांना पाठवायचा लेखी प्रश्न, हा कामाचा असा भाग आहे जो कोर्समध्ये घाईत उरकतात आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. समजा सोडियम १२४ आलंय, डॉक्टरांनी पाणी कमी द्यायला सांगितलंय, रोज परत टेस्ट चालू आहे, पण हायपोनॅट्रेमिया (रक्तातलं सोडियम कमी होणं) हा शब्द कुठेच नाही. लॅबच्या आकड्यावरून आपण कोड करू शकत नाही. मग क्वेरी पाठवायची. ती अशी नाही पाठवायची की "कृपया हायपोनॅट्रेमिया लिहा", कारण त्याने डीआरजीची रक्कम वाढू शकते आणि आपण डॉक्टरांच्या तोंडात शब्द घातला असं होतं. अशी पाठवायची: अमुक तारखेला सोडियम १२४, अमुक उपचार चालू, यामागचं निदान काही असेल तर नोंदवावं, आणि पर्याय देताना "इतर" आणि "सांगता येत नाही" हेही द्यायचे. पैशाचा उल्लेख अजिबात नाही. डॉक्टर बिझी असतात, तिरकं उत्तर देतात कधी, पण चांगली लिहिलेली क्वेरी ते मान देऊन वाचतात असा माझा अनुभव आहे. इंग्लिशचं जे विचारलंत त्याचं उत्तर इथे आहे, फाडफाड बोलता आलं नाही तरी चालतं, वाचलेलं अचूक कळलं पाहिजे आणि अशा चार ओळी स्वच्छ लिहिता आल्या पाहिजेत.

डिनायल म्हणजे इन्शुरन्सने क्लेम नाकारला की तो परत येतो, मग बघायचं की चूक आपली की त्यांची. पुष्कळदा केलेली टेस्ट आणि लावलेलं निदान यांचा मेळ बसत नाही म्हणून नाकारतात. अशा वेळी पैसे मिळतील असं निदान शोधून लावायचा मोह होतो, किंवा वरून दबाव येतो. मी एका ठिकाणी काम करत होते तिथे असं सुचवलं गेलं होतं, मी चार्टात आधार नाही म्हणून लेखी कळवलं आणि नकार दिला, थोडे दिवस त्रास झाला. तुम्हीही नकारच द्या. अमेरिकेत फॉल्स क्लेम्स ॲक्ट म्हणून १८६३ चा कायदा आहे, खोट्या क्लेमवर सरकारच्या नुकसानीच्या तिप्पट वसुली होते त्यात, आणि मुद्दाम जास्त लेव्हल लावणं म्हणजे अपकोडिंग हे त्यातच येतं. कमी लावणंही बरोबर नाही बरं का, सेफ राहायचं म्हणून सगळ्यांना खालची लेव्हल लावणारे कोडर असतात, ती पण चूकच धरली जाते.

गुप्ततेचं थोडक्यात: १९९६ चा हिपा कायदा, पेशंटची माहिती कामाबाहेर कुठेच जाता कामा नये, फोन डेस्कवर नाही, स्क्रीनचा फोटो नाही, ओळखीच्या नावाचा चार्ट दिसला म्हणून उत्सुकतेने उघडायचा नाही. यात चूक झाली तर सहसा दुसरी संधी मिळत नाही.

आता शिक्षण. कोडर व्हायला सरकारी लायसन्स वगैरे लागत नाही आणि सीपीसी या सर्टिफिकेटच्या परीक्षेला (तिच्याबद्दल पुढे) बसायलाही डिग्रीची अट नाही. पण नोकरी देणारे बहुतेक वेळा लाइफ सायन्सची डिग्री बघतात, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, झूऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, कारण शरीराची भाषा त्यांना आधीच ओळखीची असते. तुमचं बायोलॉजी आहे म्हणजे ठीकच आहे. कॉमर्सवाले चांगले कोडर झालेले मी बघितलेत, त्यांना ॲनाटॉमीवर सहा महिने जास्त मेहनत घ्यावी लागली एवढंच.

ॲनाटॉमी आणि मेडिकल टर्मिनॉलॉजी हा पाया आहे, त्याला शॉर्टकट नाही. शब्द तोडायला शिका. शेवटी आयटिस आलं म्हणजे सूज, एक्टॉमी म्हणजे कापून काढणं, ऑटॉमी म्हणजे नुसता छेद, ऑस्टॉमी म्हणजे तोंड उघडं ठेवणं, ऑस्कोपी म्हणजे दुर्बिणीने बघणं. एका अक्षराने आतडं आणि हाड बदलतं, इलियम एका स्पेलिंगने लहान आतड्याचा शेवट आणि दुसऱ्या स्पेलिंगने कमरेचं हाड, उच्चार जवळपास एकच. ऑपरेशन नोट वाचताना डोळ्यासमोर चित्र उभं राहिलं पाहिजे की सर्जन कुठून शिरला आणि काय बांधलं, काय कापलं. मी सर्जरीत गेले तेव्हा ऑपरेशनचे व्हिडिओ बघून मग नोट वाचायचे, फार फरक पडला.

सर्टिफिकेट नसताना घेतात का, तर हो, फ्रेशर म्हणून ट्रेनिंग देऊन घेणारे आहेत, पण दिवसेंदिवस मागणी सर्टिफाइडचीच वाढतेय. दोन संस्था महत्त्वाच्या. एएपीसी, १९८८ ची, तिची सीपीसी ही परीक्षा फिजिशियन बाजूच्या कोडिंगची आणि सगळ्यात जास्त मागितली जाणारी. दुसरी एएचआयएमए, १९२८ पासूनची, तिची सुरुवातीची परीक्षा सीसीए आणि हॉस्पिटलच्या बाजूची वरची सीसीएस. इनपेशंटला जायचं नक्की असेल आणि थोडा अनुभव झाला की सीसीएस किंवा एएपीसीची सीआयसी, रिस्क ॲडजस्टमेंटला, म्हणजे पेशंट किती आजारी त्यावरून इन्शुरन्सचे पैसे ठरतात त्या कोडिंगला, सीआरसी, ऑडिटला सीपीएमए. पण पहिली सीपीसी, माझं मत. तिचा पाया रुंद आहे.

सीपीसीत १०० प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के, आणि पुस्तकं उघडून बसता येतं. म्हणजे एका प्रश्नाला अडीच मिनिटंसुद्धा नाहीत, त्यामुळे पुस्तक उघडं असूनही न झेपणारे खूप असतात. पुस्तक आपलं झालं पाहिजे. सीपीटीच्या प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला पानभर सूचना असतात, त्या कुणी वाचत नाही आणि अर्धे प्रश्न तिथूनच येतात, त्या वाचा, खुणा करा. आयसीडीत "कोड फर्स्ट", "यूज ॲडिशनल कोड", आणि एक्सक्लूड्स वन व टू यातला फरक हातात बसवा. एक्सक्लूड्स वन म्हणजे हे दोन कोड एकत्र नाहीच, टू म्हणजे तो आजार या कोडात धरलेला नाही पण पेशंटला दोन्ही असतील तर दोन्ही टाका.

पास झालात की नावापुढे सीपीसी-ए लागेल, ए म्हणजे अप्रेंटिस. तो काढायला दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो, किंवा एक वर्ष अनुभव आणि ८० तासांचं मान्य शिक्षण. ए बघून निराश होऊ नका, अनुभव नसलेल्या सगळ्यांना असतो. नंतर दर दोन वर्षांनी ३६ सीईयू म्हणजे पुढच्या शिक्षणाचे गुण गोळा करायचे, म्हणजे शिकत राहायचं, नाहीतर सर्टिफिकेट जातं. ते बरोबरच आहे, कारण आयसीडी दर १ ऑक्टोबरला बदलतं, सीपीटी दर १ जानेवारीला. किडनीच्या तिसऱ्या स्टेजचा एन१८.३ हा एकच कोड होता, ऑक्टोबर २०२० पासून त्याचे तीन झाले. ऑफिस व्हिजिटची लेव्हल पूर्वी हिस्ट्री आणि तपासणीचे मुद्दे मोजून ठरायची, २०२१ पासून ते गेलं, आता डॉक्टरांनी घेतलेला निर्णय किती गुंतागुंतीचा होता त्यावर किंवा दिलेल्या वेळेवर ठरते. आणि ९९२०१ हा कोडच तेव्हा रद्द झाला. जुन्या नोट्सवर शिकवणारे क्लास असतात, पहिल्याच दिवशी पुस्तक कुठल्या वर्षाचं आहे ते विचारा. दुसरं विचारा की खऱ्या स्वरूपाचे चार्ट, नावं काढलेले, किती सोडवून घेता. शंभराच्या खाली उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. नोकरीची हमी देणाऱ्यांपेक्षा चार्ट देणारे बरे.

एआयने नोकऱ्या जातील का, हे आता प्रत्येक जण विचारतो, तुम्हीही विचाराल. एक्स-रे सारखे छोटे ठरावीक रिपोर्ट मशीन कोड करतंय, ते वाढणार. पण मशीनने सुचवलेलं तपासायला माणूस लागतोय आणि तो तोच लागतोय ज्याला वर सांगितलेला टॅमॉक्सिफेनचा पेच कळतो. नुसतं कोड शोधून टाकणाऱ्याचं काम कमी होईल, असं मला स्पष्ट वाटतं, म्हणून सुरुवातीपासून वाचण्यावर भर द्या, वेगावर नाही. वेग सहा महिन्यांत आपोआप येतो, घाईची सवय मात्र लागली की सुटत नाही.

क्लासला पैसे भरायच्या आधी एक करून बघा. चालू वर्षाच्या आयसीडी-१०-सीएम गाइडलाइन्स डाउनलोड करा आणि पहिल्या विभागाचे सुरुवातीचे दोन भाग आणि शेवटचा, ओपीडीचा चौथा विभाग एवढंच वाचा, दोन-तीन दिवस लागतील. मग वरचा शिडीचा चार्ट घ्या. इंडेक्समध्ये लॅसरेशन, त्याखाली फोरआर्म, त्याखाली राइट, तिथे एस५१.८११ सापडेल, पण सातवं अक्षर तिथे नसेल. ते मिळेपर्यंत मूळ यादीत मागे मागे जा, एस५१ च्या अगदी सुरुवातीला चौकटीत दिलेलं असतं. हे शोधताना कंटाळा आला की मजा आली, ते बघा आणि मग ठरवा.